जावळाची पुडी

कारखान्यात आम्हाला रोज गुळाचा खडा मिळायचा. शिसं वितळवून बॅटरीसाठी पट्ट्या ओतायच्या हे आमचं काम, आणि गुळाने छातीतली धूळ उतरते असा तेव्हा सगळ्यांचाच समज. माझा खडा मी कधी खाल्ला नाही. सदऱ्याच्या खिशात टाकायचा, चिंचवडहून सायकल हाणत गावी यायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी लेकीला उचलून तिच्या तोंडात द्यायचा. घंटी ऐकली की ती रांगत उंबऱ्याशी यायची. असा लाड करणारा बाप पंचक्रोशीत नाही, अशा तोऱ्यात मी असायचो.

मग पुण्याचे एक पारशी डॉक्टर कारखान्यात येऊ लागले. अंगात शिसं किती मुरलंय ते केसांवरून कळतं म्हणे. केस दिल्याशिवाय भट्टीवर पाय ठेवायचा नाही, आणि त्यात शिसं निघालं तर त्या माणसाला भट्टी कायमची बंद. भट्टीवर पगार जास्त होता. मला पोटात कळा यायच्या, माझे केस काय सांगणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पण वडील नुकतेच वारले होते आणि डोक्याचा चकोट झाला होता. खोटं कशाला बोलू, मला ती सोयच वाटली.

"दहाव्याला काढलेले केस घरी हायेत, उद्या आणतो," असं मी ठोकून दिलं. ते केस कुणी घरी ठेवत नाही, हे त्या भल्या माणसाला कुठून माहीत असणार?

घरी लेकीचं जावळ होतं. वडील जायच्या थोडं आधी, मामाच्या मांडीवर बसवून काढलेलं. इंद्रायणीत सोडायचं म्हणून बायकोने चिंधीत बांधलं होतं, पण मध्येच सुतक आलं आणि ते राहून गेलं. तान्ह्या पोरीचे केस, त्यात कसलं आलंय शिसं, असा माझा हिशोब.

पुडी बांधताना बायकोने पाहिलं. "लेकराचं जावळ हाय ते. कारखान्यात कशापायी नेता?"

"भट्टी गेली तर खाशील काय?" मी खेकसलो.

काही दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. "तुमच्या केसांत शिसं फार निघालं. आजपासून भट्टीचं काम बंद."

हात आपसूक खिशात गेला. खडा बाहेर काढला तर त्याला करडी भुकटी चिकटलेली. रोज चिकटत असणार. पोर पोट धरून रडायची, तेव्हा दात येताहेत म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. मी माझ्या हाताने तिला विष भरवलं होतं.

"डॉक्टरसाहेब, ते केस माझे न्हाईत."

ते भडकले. "मग कोणाचे? कुठल्या खात्यात आहे तो? त्याला आधी बाहेर काढायला हवं."

"ती अजून उभी बी ऱ्हात न्हाई," मी म्हणालो.

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि तिला उद्याच घेऊन या म्हणाले. तो खडा मी रस्त्यात फेकून दिला. घराजवळ आल्यावर घंटी वाजवली नाही. तरी ती रांगत उंबऱ्याशी आली आणि तोंड उघडून माझ्या खिशाकडे बघत राहिली.