दोन बोटांची घडी

मास्तर गेल्याचा त्याच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. "ताई, दादा गेला," एवढंच ती म्हणाली आणि मी म्हणाले, "बरं." कुणी गेल्यावर बरं म्हणतात का? पण तोंडातून तेच निघालं. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली. त्याला आता सात आठवडे झाले. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला ते नको होतं. बाकी सगळं सांगायची परवानगी त्यानेच दिली होती, आणि बहिणीलाही मी विचारलं आहे.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. लग्न केलं नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतरही गुण द्यायची खोड काही गेली नाही. माझ्या चहाला, "बहात्तर. साखरेचे तीन कापले." सेक्रेटरीच्या भाषणाला, "काठावर पास." माझे यजमान गेल्यावर दर रविवारी सकाळी तो इडल्या घेऊन यायला लागला. मी फटकळ, तो तिरकस, त्यामुळे छान जमायचं. दोघंही एकटे आहोत हे मात्र आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा इडल्यांबरोबर एक रिपोर्टही यायचा. नाव दिसू नये म्हणून वरचा दोन बोटं कागद आत दुमडलेला, आणि घडीवर त्याचा अंगठा. "एका ओळखीच्याचा आहे. बघ ना जरा." तो ओळखीचा कोण हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते? दुसऱ्याच्या रिपोर्टसाठी कुणी असा अंगठा दाबून बसत नाही. मला वाटायचं बीपीबिपी असेल, पुरुषांना तेवढ्याचीही लाज. ज्याचं दुखणं त्याने सांगावं, आपण खोदून विचारू नये, अशा रीतीत मी वाढलेली. घडी कधी उलगडली नाही. त्याला मी सभ्यपणा म्हणत होते...

मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आणलेल्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, १.४ होतं, आधीच्यात १.२. त्याखालचा जीएफआर, म्हणजे किडनीच्या कामाचा अंदाज देणारा आकडा, एकोणसत्तरवरून सत्तावन्नवर उतरलेला. "म्हणजे फर्स्ट क्लास गेला की गं," तो म्हणाला. हे शंभरापैकी गुण नव्हेत हे त्याला दहादा सांगून झालं होतं, पण मास्तरच तो, साठाच्या खाली काही आलं की चेहरा पडायचा. आणि मी, जिभेला हाड नसलेली बाई, इडली सांबारात बुडवत म्हणाले, "वाट लागली की रे किडनीची! काय गोळ्या गिळतो हा तुझा ओळखीचा? आधी बंद कर म्हणावं." माझ्या डोक्यात गुडघेदुखीच्या गोळ्या होत्या. त्याने कागद खिशात ठेवला. त्या दिवशी चहाला गुण मिळाले नाहीत.

उन्हाळ्यात त्याचे शर्ट सैल व्हायला लागले. मग खोकला. डॉक्टरकडे जा म्हटलं की "जातो गं," म्हणायचा आणि जायचा नाही. गणपतीनंतर हॉस्पिटलात ठेवावं लागलं तेव्हा मी डबा घेऊन गेले. बहीण औषधं आणायला खाली उतरल्यावर तो म्हणाला, "एचआयव्ही आहे मला. अकरा वर्षं झाली. गोळ्यांवर झकास होतो. पण किडनी गेली असती, डायलिसिस लागलं असतं, सगळ्या सोसायटीला कळलं असतं. म्हणून बंद केल्या."

"कुणाला विचारून?"

तो हसला. "तुलाच की." मग म्हणाला, "लिही कधीतरी. दुसऱ्या कुणी असला मूर्खपणा करू नये. नाव मात्र नको."

बाहेर त्याची एचआयव्हीची डॉक्टर भेटली, पोरसवदा मुलगी, तिने मला समजावलं. त्याची एक गोळी तिने बदलली होती. नव्या गोळीमुळे क्रिएटिनिन बाहेर पडताना थोडं अडतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला आकडा जरासा चढतो आणि तिथेच थांबतो. किडनी बिघडलेली नसते. जुन्यांपैकी एखादी गोळी खरोखर त्रास देऊ शकते, म्हणून लघवीतलं प्रोटीन बघायचं, रक्त पुन्हा तपासायचं, गरज पडली तर गोळी बदलायची. "पण काकू, आम्हाला विचारल्याशिवाय बंद नाही ना करायची. त्यांनी नंतर फोनसुद्धा उचलला नाही." मी मान हलवली. मी लॅबवाली आहे हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या बहिणीने खोली आवरायला बोलावलं. कपाटात रिपोर्टांची फाईल होती, तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येक कागद वरून दोन बोटं दुमडलेला. दिवाळीनंतरचा रिपोर्ट मी काढला आणि पहिल्यांदा घडी उलगडली. नाव. वय एकसष्ट. त्याखाली, डॉक्टरने लॅबला कळवलेली एक ओळ: एचआयव्हीची औषधं चालू, नवीन गोळी सहा आठवडे. लॅबमध्ये नव्या मुलींना मी तीस वर्षं हेच बजावत आले. आकड्याआधी वरचं वाचा गं, माणूस कोण, वय काय, औषधं कोणती. आणि माझ्या माणसाचा कागद हातात आला तेव्हा मी नेमकं खालचं तेवढं वाचलं. माझं चुकलं. त्याने लपवलं हे खरं, पण लपवलेलं मला दिसत होतं.

तो कागद मी मागून घेतला. माझ्या टेबलावर काचेखाली घालायचा म्हणून तळहाताने रोज थोडा सपाट करते. पण घडी जुनी झाली आहे. हात उचलला की कागद हळूच वर येतो आणि त्याचं नाव पुन्हा झाकून टाकतो.