मेरीबाईंचे यजमान

आमच्या मुक्ताच्या लग्नात एकच माणूस वेळेवर मिळेना, आणि तो वारून बरीच वर्षं झालेली होती. नवरदेवाचे पणजोबा.

मुक्ता आयर्लंडमध्ये नोकरीला. तिथल्याच शॉन मर्फीशी तिनं लग्न ठरवलं आणि लग्न मात्र चंदीगडला, आमच्या घरी, आपल्या पद्धतीनं, असं दोघांनी मिळून जाहीर केलं. हे (म्हणजे माझे यजमान सुरेशराव, हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून दिवाणावरून क्वचितच उड्डाण करतात) "उत्तम" म्हणाले आणि कूस बदलली. मी शेजारच्या मोहालीहून गुरुजींना बोलावलं. गुरुजी मूळचे नांदेडचे, इथल्या समस्त मराठी लग्नांना पुरणारे एकटे.

"गोत्राचं काही अडत नाही, ताई," ते म्हणाले. "माहीत नसलं की काश्यप लावायचं, पक्का. पण कन्यादानात तीन पिढ्या घ्याव्या लागतात. बाप, आजा, पणजा. पणज्याला पर्याय नाही जी."

शॉनला वडील ठाऊक होते, ब्रेंडन. आजोबाही ठाऊक होते, जोसेफ मेरी मर्फी. पणजोबा म्हटल्यावर तो फोनवर नुसता गोड हसला. आजोबांनीच उतारवयात लग्न केलेलं, त्यामुळे पणजोबा त्याच्या वडिलांनीसुद्धा पाहिलेले नव्हते.

"आई, सिंपल है," मुक्ता म्हणाली. (मराठी तिला सगळं कळतं. उत्तर हिंदीत येतं.) "शॉन की दादी है ना, नोरा. उनसे पूछ लेते हैं."

"खबरदार," मी म्हणाले.

मुलाकडच्यांना त्यांच्याच घराण्याबद्दल विचारायचं नसतं. ते बाहेरून काढायचं असतं, परस्पर, त्यांच्या कानावर जाऊ न देता. साताऱ्यात या कामात माझं नाव होतं. नुसतं आडनाव सांगा, दोन फोनांत मी मुलाचं आजोळ, आत्याचं मोडलेलं लग्न आणि चुलत्याचा मधुमेह हातात ठेवत असे. आयर्लंडमध्ये फोन करावा असं कुणी नव्हतं, एवढीच अडचण. पण तिथली शंभरेक वर्षांपूर्वीची खानेसुमारी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. एकेका घराचं एकेक पान, त्यात घरातली सगळी माणसं. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

खरं सांगायचं तर पणजोबा हे निमित्त होतं. एकुलती मुलगी इतक्या लांबच्या घरात चालली होती आणि त्या घरातलं एकही जुनं माणूस मला माहीत नव्हतं. कुणीतरी एक सापडावं आणि त्याला सांगावं, पोरीकडे लक्ष ठेवा हो. तेवढ्यासाठी जीव तुटत होता.

जानेवारीत आमच्याकडचं धुकं दुपारपर्यंत उठत नाही, आणि उठल्यावर जे ऊन पडतं त्यात माणूस पुरता जागा राहत नाही. गच्चीवर खाट टाकून, मांडीवर टॅब आणि उशाशी शेंगदाणे घेऊन मी कामाला लागले. शोधाचं सूत्र तयारच होतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्याच पोरीचं बघा: मुक्ता सुरेश जगताप. तेव्हा जोसेफ मेरी मर्फी म्हणजे जोसेफ, त्याचे वडील...

शेंगदाणा तोंडाशीच राहिला.

"अहो, उठा. जोसेफला वडीलच नाहीत. वडिलांच्या जागी आईचं नाव आहे!"

"वडील प्रत्येकाला असतात गं," हे शेजारच्या खाटेवरून डोळे न उघडता म्हणाले.

असतील. पण नाव लावण्याच्या लायकीचे नसतील. माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. बिचारी मेरी, पदरात तान्हं बाळ, आणि तो मेला पळून गेलेला. मी नवरा नसलेली मेरी मर्फी शोधू लागले. तिकडे मर्फी म्हणजे आपल्याकडे पाटील, आणि मेरी तर घरटी एक! शॉनच्याच गावात एक जोसेफ लगेच भेटला, वयानं अगदी बरोबर. पण त्याचा बाप चांगला घरात हजर, नाव कॉर्नेलियस, आणि आई हॅना. मधलं नाव जुळत नाही म्हणून मी पान मिटलं आणि पुढच्या घरी गेले.

घरं बघता बघता डोळा लागे. मग मी त्या गावातच असे. ओलं गवत, दगडी बांध, कुठूनतरी समुद्राचा आवाज, आणि पुढं शाल पांघरून चाललेल्या मेरीबाई. मी मागून हाका मारी, "अहो मेरीबाई, तुमचे यजमान कुठं असतात?" त्या कधी वळल्या नाहीत. वाटेत टोपी घातलेला एक म्हातारा मात्र रोज आडवा येई. टोपी काढून मला काहीतरी सांगू बघे. "बाजूला व्हा हो, मी घाईत आहे," असं म्हणून मी पुढं निघे. जाग येई तेव्हा ऊन खाटेवरून उतरलेलं असे आणि गालावर टॅबची कड उमटलेली असे.

पत्रिका छापायला टाकायच्या आधी दोन्ही घरांचा व्हिडिओ कॉल झाला. तिकडे शॉन, मुक्ता, ब्रेंडन आणि मधोमध खुर्चीत नव्वदी ओलांडलेल्या नोराआजी. मनाचा मोठेपणा दाखवायची हीच वेळ, असं मी ठरवलं.

"आम्ही फार मोकळ्या मनाची माणसं आहोत," मी इंग्रजीत सुरुवात केली. "मेरीबाईंनी एकटीनं जोसेफला वाढवलं, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पत्रिकेत त्यांचंच नाव घालू. त्यांच्या यजमानांविषयी आम्ही कधी चकार शब्द काढणार नाही."

ब्रेंडन हलेनात. मला वाटलं, नेट गेलं. पण त्यांच्यामागून मांजर चालत होतं.

"कोण मेरीबाई?" नोराआजींनी विचारलं.

"जोसेफच्या आई."

"माझ्या सासूबाई हॅना. मेरी ही येशूची आई. या घरातल्या प्रत्येक मुलाच्या नावात आम्ही तिचं नाव घालतो, तिनं लक्ष ठेवावं म्हणून. या ब्रेंडनच्याही नावात आहे."

ब्रेंडननी निमूट हात वर केला. मुक्तानं कपाळाला लावला. "आई, बस पूछना था, यार."

"आणि सासरे?" मी कसंबसं विचारलं.

"कॉर्नेलियस. माझ्या लग्नाच्या वर्षीच गेले. भला माणूस. टोपी कधी उतरवायचा नाही, बाईमाणूस समोर आलं तरच."

माझं मलाच कळेना, हसू येतंय की रडू. ज्याच्यासाठी जीव टाकला तो पहिल्याच दिवशी दारात उभा होता, आणि मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं होतं.

"आता माझी एक शंका," नोराआजी पुढं झुकून म्हणाल्या. "मुक्ताच्या नावातही संत आहेत ना? ती घरी आली त्या दिवसापासून मी रोज त्यांच्यापुढं मेणबत्ती लावते, पोरीकडे लक्ष ठेवा म्हणून. पोरीला विचारणं बरं दिसत नाही, म्हणून आमच्या फादरना परस्पर विचारलं. त्यांना काही सापडेना. संत सुरेश नक्की कशासाठी प्रसिद्ध आहेत?"

मी मागं वळून पाहिलं. संत दिवाणावर पालथे पडून घोरत होते.

लग्न झालं. "कॉर्नेलियसप्रपौत्राय, जोसेफपौत्राय, ब्रेंडनपुत्राय" असं गुरुजींनी खणखणीत म्हटलं आणि माझे डोळे भरून आले. नोराआजींना एवढा प्रवास झेपणारा नव्हता, त्या आल्या नाहीत. त्यांना मी खरं काही कळवलेलं नाही. इतक्या लांब कुणी माझ्या पोरीसाठी रोज मेणबत्ती लावत असेल, तर ती मी का विझवू? परवा गच्चीवर डोळा लागला तर तो टोपीवाला म्हातारा पुन्हा भेटला. या वेळी मी थांबले, पोरीचं सगळं नीट सांगितलं. त्यानं टोपी काढून मान डोलावली.

चौकशा करणं मात्र मी सोडलं. इतकी वर्षं एका संताबरोबर संसार केला आणि मला पत्ता लागला नाही, ती मी दुसऱ्यांची घराणी काय काढणार!