बासष्ट-पाच

आमचे सर मतदानाला वकिलीचा काळा कोट घालून जायचे. एप्रिलचं नागपुरी ऊन, नंदनवनच्या शाळेपुढची रांग, आणि गळ्याला पांढरी पट्टी बांधलेले सर घामाने निथळत सगळ्यांत पुढे. मी त्यांची ज्युनिअर. मला हसू आवरायचं नाही. "काहून हासून राहिली वं? ह्याच्याहून मोठं कोर्ट कोनतं हाय?"

बाररूममध्ये त्यांचं नाव 'बासष्ट-पाच' पडलं होतं. तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, असं सांगणारं निवडणूक कायद्यातलं ते कलम. ते घटनेत बसत नाही, हे सर कँटीनच्या चहावाल्यालाही पटवून द्यायचे. "खटला चालू असला तं आतून निवडनूक लढता येते गा, पन मत देता येत नाही. हा कोनता न्याय?" चहावाला बिचारा मान डोलवत राहायचा आणि सरांचा चहा गार व्हायचा.

या वेडाला कारण होतं. कॉलेजात असताना सर एका मोर्चात पकडले गेले आणि आयुष्यातलं पहिलंच मत तुरुंगात हुकलं. पुढे निर्दोष सुटले. "सुटका भेटली, पन थे मत कोनी वापस नाही देल्लं," हे म्हणताना त्यांचा मिस्कीलपणा कुठच्या कुठे जायचा.

शेवटी त्यांनी हायकोर्टात त्या कलमाला आव्हान दिलं. याचिका कळमेश्वरच्या सुखदेव वेल्डरच्या नावाने. कारखान्याच्या गेटवरच्या मारामारीत त्याला शिक्षा झाली होती आणि अपील पडून होतं. सरांची तब्येत तेव्हाच ढासळली होती. ही शेवटची लढाई, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नेमका सुखदेवचा जामीन अर्ज आधी बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागला. तो बाहेर आला की त्याला मत देता येणार, म्हणजे याचिकेत जीवच उरणार नाही. मी शहाणपणा केला. "सर, जामिनाला पंधरा दिवस पुढची तारीख मागू. आधी याचिका होऊ द्या."

सर माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. "पंधरा दिवस तू राहून पाह्य आत. मंग सांग मले."

जामिनासाठी ते तासभर उभं राहून बोलले. सुखदेव सुटला, आणि आता गरज उरली नाही म्हणून याचिका न ऐकताच निकाली निघाली.

मतदानाच्या दिवशी सर अंथरुणावर होते, कोट खुंटीवर. सुखदेव बोटाची शाई दाखवायला कळमेश्वरहून थेट आला. सरांनी ते बोट चष्म्यापाशी नेऊन कितीतरी वेळ पाहिलं. "बेस केलं गा," म्हणाले. त्यांचं स्वतःचं मत दुसऱ्यांदा हुकलं होतं. त्याच उन्हाळ्यात सर गेले. फार आठवण येते.

परवा मी तीच याचिका पुन्हा दाखल केली, हुडकेश्वरच्या एका बाईच्या नावाने. ती आत आहे. तिचा जामीन अर्ज उद्या बोर्डावर आहे. मी तारीख मागितलेली नाही.