जोडीनं बघायचा डोंगर

मारुती मिस्त्री मालकांच्या खोलीत कधी सरळ शिरले नाहीत. दारात चप्पल काढायचे, टोपी नीट करायचे आणि उजवा खांदा पुढे घालून, नजर फरशीवर ठेवून आडवे आडवे आत सरकायचे. शाहूपुरीतल्या त्या कारखान्यात मी खरेदी खात्यात नवा लागलो होतो. मला वाटलं, माणूस मालकांना फार भितो. पण हेच मिस्त्री यंत्रावर उभे असले की "सरा की बाजूला, उजेड अडवालाय," असं मालकांना सगळ्यांदेखत सुनवायचे. मग ही भीती कसली? एकदा धीर करून विचारलं तर खेकसले, "मालकाला कोण भितंय? त्यांच्या डोक्यावर ते कॅलेंडर हाय न्हवं, ते बघायचं न्हाय मला."

कॅलेंडरवर जपानचा फुजी डोंगर होता. कॅलेंडर दरवर्षी बदले, डोंगर मात्र तोच राही.

आमच्याकडे ऑईल इंजिनचे सुटे भाग बनत. सत्तरच्या दशकात मालकांनी जपानहून ग्राइंडिंगचं एक यंत्र मागवलं आणि ते शिकून यायला मिस्त्रींना तिकडे धाडलं. कसबा बावड्याचा माणूस, ज्यानं मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, तो एकदम जपानला. परत आल्यावर कोल्हापुरातून तिकडे निघालेला जो तो मिस्त्रींचा सल्ला घ्यायला येऊ लागला, कारण परदेशात कमी खर्चात कसं हिंडावं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांचं सगळं शास्त्र एका दिवसाच्या अनुभवावर उभं होतं. निघायच्या आधीच्या सुट्टीला तिथला एक म्हातारा कामगार त्यांना हाकोने नावाच्या गावी घेऊन गेला होता. डोंगरातलं गाव, जिकडे तिकडे गरम पाण्याचे झरे, श्रीमंतांची मोठमोठी हॉटेलं. मिस्त्री सांगायला बसले की आजूबाजूची यंत्रं बंद पडत.

"हाटेलात ऱ्हायाचं न्हाय. सक्काळी जायाचं, सांजंला परत. एकच तिकीट काढायचं, त्यात रेल्वे बी आली, बोट बी आली, तारेवरचा पाळणा बी आला. खायाला आपलं भडंग न्ह्यायाचं. उतरताना जुनी दगडी वाट हाय, तिनं चालत यायाचं. पाय हायत तवर मोटार कशाला? आन् रस्त्याकडंला गरम पाण्याचं हौद असत्यात, त्यात पाय सोडून बसायचं. फुकट! डोळ्याला आन् पायाला तिकीट न्हाय बगा तितं."

अंघोळीचा किस्सा ते आग्रह केल्याशिवाय सांगत नसत. तिथल्या गरम पाण्याच्या सार्वजनिक हमामात सगळे उघडेनागडे उतरतात. मिस्त्री तरुणपणी तालमीत घुमलेले, ते लंगोट लावून उतरले. हमामवाला धावत आला. मिस्त्री लंगोट सोडेनात, तो पाण्यात राहू देईना. शेवटी बाहेर बसूनच त्यांनी तांब्या तांब्यानं अंगावर पाणी घेतलं. "हनुमंताच्या नावानं बांधल्याला लंगोट हाय, चारचौघांत सोडतोय व्हय?" असं म्हणून स्वतःच हसायचे.

पण तारेवरच्या पाळण्याचं काय, असं कुणी विचारलं की उठून यंत्राकडे वळायचे. मला ते एका दुपारी डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं. पाळण्याच्या ठाण्यावर त्या म्हाताऱ्यानं वर बोट दाखवलं आणि डोळे मिटून हात जोडले. वरून फुजी दिसतो आणि फुजी म्हणजे त्यांचं दैवत, एवढं मिस्त्रींना खुणेनं समजलं. ते जागच्या जागी थांबले.

"नव्या देवाचं पयलं दर्शन जोडीनं घ्यायाचं असतंय," ते मला म्हणाले. "लगीन झाल्यावर जोतिबाला एकटा गेलतो का मी? मग ह्यो देव परक्या मुलखातला म्हणून त्याला येगळा न्याय? हौसाला बावड्यात ठिवून मी एकट्यानं बघू?"

आगपेटीच्या जळलेल्या काड्यासुद्धा चुलीसाठी जपून ठेवणाऱ्या माणसानं पैसे भरलेलं तिकीट वाया घालवलं. म्हातारा हाताला धरून ओढत होता, तिकीट पुन्हा पुन्हा दाखवत होता. मिस्त्री डोंगराच्या बाजूला पाठ करून पायाच्या हौदावर जाऊन बसले, ते तो परत येईपर्यंत.

येताना त्यांनी बायकोसाठी, हौसाबाईंसाठी, एक अंडं आणलं होतं. तिथल्या झऱ्यात उकडलेलं अंडं वरून काळं होतं आणि ते खाल्लं की आयुष्य वाढतं म्हणे. विमान, रेल्वे, एस.टी. असा प्रवास करून ते बावड्याला पोचलं तेव्हा त्याचा वास गल्लीभर सुटला. हौसाबाईंनी नाकाला पदर लावून ते उकिरड्यात टाकलं. "आविष्य वाढवायला आनलंय का संपवायला?" म्हणाल्या. मग म्हशीला वैरण टाकता टाकता त्यांनी डोंगराची चौकशी केली. फुजीचं वर्णन त्यांना शेजारच्या शाळेतल्या मुलांनी सांगितलं होतं. "वर पीठ सांडल्यावानी पांढरं हाय म्हंत्यात. पीठच हाय का आनि काय?" मिस्त्री म्हणाले, "बगितला न्हाय. दुसरं मशीन घेतील तवा मालक परत धाडनार हाईत. तवा पदरचं घालून तुला बी नेतो. जोडीनं बघू आन् ठरवू."

म्हणून ते कॅलेंडरकडे बघत नव्हते. चित्रातसुद्धा आधी बघायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. दोघांना मूलबाळ नव्हतं. दोन म्हशी, एक खोली, पुढे पडवी आणि दुसऱ्या मशीनची वाट. हौसाबाई चेष्टा करायच्या, "जपान ऱ्हाऊ द्या, आदी गगनबावडा तरी दावा." मिस्त्री म्हणायचे, "तितं पावसात काय दिसतंय? जरा दम धर." हा दम मात्र फार लांबला.

दुसऱ्या यंत्राची ऑर्डर गेली तेव्हा ऐंशी साल मागे पडलं होतं आणि हौसाबाईंना जाऊन दोन पावसाळे झाले होते. साध्या तापाचं निमित्त झालं. मालकांनी मिस्त्रींना बोलावून जपानला जाण्याबद्दल विचारलं. ते नेहमीसारखे आडवे आत गेले, नाही म्हणाले आणि तसेच आडवे बाहेर आले. मला म्हणाले, "जावा तुमी. मी जाऊन काय करू? त्ये अंडं तरी खाल्लं असतं तिनं."

मग मालकांनी मशीन पारखून घ्यायला मला धाडलं. हाकोनेला त्यांच्या सांगण्याप्रमाणेच हिंडलो, सकाळी गेलो, भडंग खाल्लं, हौदात पाय सोडून बसलो. पाळण्यातून फुजी लख्ख दिसला. इतका सुंदर, की बघताना मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. मी त्याचा मोठा फोटो काढून घेतला. पण तो मिस्त्रींना द्यावा की नाही, हे कोल्हापूर येईपर्यंत ठरेना.

एका संध्याकाळी फोटो पिशवीत घालून बावड्याला गेलो. म्हशी विकून टाकलेल्या होत्या. गोठा झाडून स्वच्छ होता आणि म्हशींना पाणी पाजायची दगडी डोण काठोकाठ भरलेली. "भरतोय रोज," मिस्त्री म्हणाले. "सांजंला दुसरं काम काय?" चुलीवर तव्यात एकच भाकरी होती. त्या घरात इतकं शांत होतं, की आपण मोठ्यानं बोलतोय असं मला सारखं वाटत होतं.

"गेलता का पाळण्यात?" त्यांनी विचारलं.

"गेलो होतो. फोटो आणलाय. पण तुम्हाला नको असेल तर राहू दे."

त्यांनी भाकरी उलटवली, तवा उतरवला. मग उठले आणि भिंतीवरचा हौसाबाईंचा फोटो खिळ्यावरून काढला. खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली. पूजेला बसताना बायको जशी उजव्या हाताला असते तसा तो उजव्या बाजूला छातीशी धरला, तिचं तोंड माझ्याकडे करून. टोपी सारखी केली.

"दावा आता," म्हणाले.

मी फोटो त्यांच्यासमोर उभा धरला. त्यांनी मान वर केली. इतकी वर्षं टाळलेली नजर हळूहळू पायथ्यापासून चढत शेंड्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. एका हातात हौसाबाई होत्या, म्हणून नमस्कार एकाच हातानं केला. माझे हात भरून आले, तरी मी फोटो खाली घेतला नाही.

मग त्यांनी मान कलती करून त्या काचेला हळूच सांगितलं, "पीठ न्हवं गं हौसे. बर्फ हाय की."