मोठीमायच्या झाडाचे जाम

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी तो चहा संपवा. नाहीतर कपातला अंगावर सांडाल. चर्चचे पाळकसाहेब आणि सात-आठ माणसांसमोर, छाती पुढे काढून, मी माझा जो पचका करून घेतला, तो आज मीच सांगून टाकतो. सरोज, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, सांगायला लागल्या की तिखटमीठ फार पडतं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी प्राथमिक शाळेत मास्तर आणि बदली झाली अल्लीपूरला. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. उपासनेला जायचं तर रविवारी सकाळची एस.टी. पकडून हिंगणघाट गाठायचं. रूथ सात वर्षांची, शमुवेल पाचाचा. आपल्या मंडळीपासून इतक्या दूर ही पोरं वाढणार कशी, याची मला मोठी काळजी. म्हणून मी वर्ध्याला बदली मागत होतो. साहेबांकडे अर्ज करून, आणि देवाकडे गुडघे टेकून.

घर म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घराचा अर्धा भाग. मधे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, मातीनं लिंपलेला कूड. उंची माणसाच्या डोक्याएवढी, त्याच्यावर थेट छपराच्या कवेलूंपर्यंत सगळं मोकळं. पलीकडे घरमालकीण सुभद्राबाई, तिला आमची पोरं मोठीमाय म्हणत. पहाटे तिचा कोंबडा सुरू व्हायचा, आणि तो थांबला की ती. दिवसभर कुडावरून आमच्याशी बोलायची. चूल पेटली का, मास्तरनं आज कोणता सदरा घातला, रूथचे केस कोणी विंचरले, सगळ्याची चौकशी.

मनानं मात्र मोठी. रोज शेतातून आली की आमच्या दारात टोपलंभर वांगी. रोज! भाजी वांग्याची, भरीत वांग्याचं, आणि रविवारी बदल म्हणून वांगी-बटाटा.

दिवेलागणीला आमची कुटुंबप्रार्थना असे. माझा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे, चार वर्ग एका खोलीत सांभाळून कमावलेला. सरोज म्हणायची, "जरा हळू म्हणा हो." मी म्हणायचो, "देवापुढं लाजायचं काय?" आणि आणखी एक पट्टी वर जायचो.

माझ्यानंतर पोरांची पाळी. मी त्यांना पुस्तकी प्रार्थना शिकवली होती, 'हे कृपाळू स्वर्गीय पित्या' वगैरे. रूथ ती घडाघडा म्हणायची. शमूचं निराळं. तो एक दिवस डोळे मिटून म्हणाला, "देवा, तू वांगे बनवले ते बरं केलं. पण इतके काऊन बनवले? आता बंद कर आन् मले जाम दे. आमेन."

आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, माहीत आहे ना? मी त्याला रागावलो. प्रार्थना म्हणजे काय दुकानदाराला दिलेली यादी आहे?

दुसऱ्या दिवशी वांगी आली नाहीत. दारात पदराएवढ्या फडक्यात बांधलेले जाम.

त्याच आठवड्यात शमूनं बोरं मागितली, बोरं आली. हरभऱ्याचे घाटे मागितले, घाटे आले. मी दोन वर्षं गुडघे झिजवतोय तर साहेबांचं उत्तर नाही, आणि या चिमुरड्याला एका रात्रीत माल पोच! खरं सांगतो, मला पोटच्या पोराचा हेवा वाटायला लागला.

मग मी वशिला लावला. म्हटलं, "शमू, बाबाची बदली तू माग."

"बदली कोनत्या झाडाले लागते, बाबा?"

मी पोट धरून हसलो. तेव्हाच शहाणा झालो असतो, तर पुढचं टळलं असतं.

पोराची प्रार्थना फळते म्हटल्यावर माझाही विश्वास वाढला आणि मीही मोकळेपणानं मागायला लागलो. "हे प्रभू, या कोंबड्यापासून आम्हाला सोडव." आठ दिवसांत कोंबडा गायब. मग हिय्या करून म्हटलं, "हे प्रभू, शेजारच्या भगिनीची जीभ दिवसरात्र चालते, तिला तू आवर." आणि काय चमत्कार! दुसऱ्या दिवसापासून बाई गप्प. पोरांशी हळू आवाजात दोन शब्द बोलायची, मला पाहिलं की पदर सावरून आत जायची. सरोज म्हणाली, "अहो, त्या रागावल्या का बघा." मी म्हटलं, "तुझा विश्वास कमी आहे."

असे तीन-चार आठवडे गेले, आणि एका रविवारी हिंगणघाटला उपासनेत मी उभा राहून साक्ष दिली. लेकराच्या विश्वासानं फळं आली, कोंबडा मुका झाला आणि बडबड्या शेजारणीच्या तोंडाला प्रभूनं कुलूप घातलं, अशी वीस मिनिटं. दोन म्हाताऱ्या रडल्या. पाळकसाहेबांनी तिथंच ठरवलं की येत्या गुरुवारी प्रार्थनासभा मास्तरांच्या घरी, आणि प्रार्थना करेल शमुवेल.

गुरुवारी दुपारच्या एस.टी.नं मंडळी उतरली. सतरंजी अंथरलेली, सरोजनं पोहे केलेले. गीत झालं, वाचन झालं. पाळकसाहेबांनी शमूला जवळ घेतलं आणि म्हणाले, "बाळ, आता मास्तरांच्या बदलीसाठी प्रार्थना कर."

शमू उठला. सगळ्यांकडे पाठ केली, कुडाजवळ गेला, टाचा उंच केल्या आणि तोंड वर करून उभा राहिला.

"इकडे तोंड कर, शमू," मी दटावलं.

"मंग मोठीमायले कसं आयकू जाईन?"

पाळकसाहेबांनी हसून विचारलं, "अरे, देव ऐकतो ना? मोठीमायनं कशाला ऐकायला हवं?"

"देव तं आयकतेच," शमू समजुतीनं म्हणाला, "पन जाम तिच्याच झाडाले हायेत."

मला वाटलं, सतरंजी उचलावी आणि तिच्याखाली जावं. आणि तेवढ्यात महिनाभर बंद असलेला आवाज कुडावरून आला.

"मास्तर, पोरगं खरं बोलून राह्यलं. वांगे नको म्हने, मी वांगे बंद केले. जाम म्हने, जाम देल्ले. कोंबडा तुमाले सोसत नाई म्हून समुद्रपूरले पोरीच्या घरी धाडला. तोंड बी महिनाभर शिवून ठेवलं. पन बदलीचं माह्या हातात नाई, बाप्पा. ते तुमच्या देवालेच सांगा."

खोकल्याच्या निमित्तानं पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. सरोज मान खाली घालून हसत होती की रडत होती, अजून सांगत नाही. मला मात्र खरंच भरून आलं. महिनाभर मी त्या बाईला मुकं केलं, तिचा कोंबडा गावाबाहेर काढला, आणि तिनं एक दिवसही माझ्या पोरांचे जाम चुकवले नाहीत. आणि मी? हिंगणघाटात तिच्या तोंडाच्या कुलपाची साक्ष देऊन आलो होतो.

पाळकसाहेब कसेबसे म्हणाले, "मास्तर, शेवटची प्रार्थना तुम्हीच करा."

मी गुडघे टेकले. चार वर्ग सांभाळणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. अगदी ओठातल्या ओठात म्हटलं, "हे प्रभू, मी चुकलो. मला क्षमा कर. आमेन."

कुडापलीकडून मोठीमाय म्हणाली,

"जरा जोरात म्हना, मास्तर. आयकू नाई आलं."