बाबांचं मत

निवडणूक जाहीर झाली त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन पक्ष आहेत हे उघड झालं. एका पक्षात मी, दुसऱ्यात माझे सासरे. नवरा तटस्थ. तो जेवताना आमच्याकडे आळीपाळीने बघायचा आणि आवाज चढले की कुणाला पोळी हवी का विचारायचा.

आम्ही हॅमिल्टनला राहतो, माउंटनवर. शहराच्या मधून एक उंच कडा जातो, त्याच्या वरच्या सपाटीवरच्या वस्तीला इथे सगळे माउंटनच म्हणतात. खाली तळ्याकाठी पोलादाचे कारखाने आहेत. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नवरा तासाभराच्या अंतरावरच्या वॉन शहरात एका मोठ्या वेअरहाउसचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रोजचं अर्धं आयुष्य हायवेवर काढतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, सासूबाई गेल्यावर वर्ध्याहून आमच्याकडे आले ते कायमचेच. नोकरीभर ते एसटीत होते, निवृत्त झाले तेव्हा डेपो मॅनेजर होते. इथलं नागरिकत्व घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी अभ्यासाचं पुस्तक आणवून दोनदा वाचून काढलं. त्यांच्या वयाच्या माणसांना परीक्षा द्यावी लागत नाही असं कळलं तेव्हा ते दोन दिवस हिरमुसलेले होते.

तेव्हा त्यांचे डोळे बरे होते. पुढे दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. त्यामुळे ते घरात कशाला धडकत नाहीत, पण समोर बसलेल्या माणसाचं तोंड त्यांना दिसत नाही. कोपऱ्यातली कुंडी दिसते, मी दिसत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

म्हणून पक्षांचे नेते बाबांना फक्त आवाजाने माहीत होते. टीव्हीवर कुणी बोलायला लागला की ते मान खाली घालून ऐकत. सरकारातल्या पक्षाचा नेता मला पसंत होता. शांतपणे बोलायचा, विचारलेल्या प्रश्नाच्या निदान आसपास राहायचा. बाबांचं म्हणणं, हा उत्तर देण्याआधी जरा जास्तच थांबतो, काय सांगायचं नाही ते तेवढ्यात ठरवतो. विरोधी पक्षाचा नेता बोलायला लागला की मी भांडी घासायला उठायची. तीच ती चार वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यात कुणीतरी गुन्हेगार. बाबा म्हणत, चार का होईनात, डेपोतल्या शेवटच्या हेल्परलाही कळतील अशी आहेत. तिसऱ्या एका छोट्या पक्षाचा नेता आम्हा दोघांनाही आवडायचा, आणि तो निवडून येणार नाही याचीही दोघांना सारखीच खात्री होती. नेत्यांची फ्रेंचमधली चर्चा झाली त्या दिवशी नवरा दुभाषी झाला, कारण लग्नानंतरची पहिली वर्षं आम्ही फ्रेंच बोलणाऱ्या लव्हालला काढली होती. त्या भाषेत कुणी काय आश्वासन दिलं यापेक्षा कोण कसं बोलतंय याकडेच बाबांचं लक्ष होतं. सगळे जरा हळू बोलत होते. बाबांना त्या दिवशी सगळेच बरे वाटले.

खरं भांडण नेत्यांवरून नव्हतं, अंदाजपत्रकावरून होतं. हा शब्दही बाबांचाच. आम्ही घरात बजेटच म्हणतो. सरकार दरवर्षी मिळकतीपेक्षा जास्त खर्च करतं आणि त्याची लाज कुणालाच वाटत नाही, हे त्यांना सहन होत नसे. एकदा जेवताना त्यांनी माझ्या बारा वर्षांच्या मुलीकडे हात केला आणि म्हणाले, "हे सगळं फेडणार कोण? ही."

मुलगी म्हणाली, "आबा, आय डोन्ट ईव्हन हॅव अ जॉब."

माझं मत वेगळं होतं, आणि ते मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. मुलगी लव्हालला झाली. तिथे पाळणाघराला गार्दरी म्हणतात, आणि सरकारच्या पैशामुळे ती आमच्यासारख्यांना परवडायची. सकाळी तिला तिथे सोडून मी लायब्ररीत बसायची, लॅबच्या लायसन्सचा अभ्यास करायची. त्या गार्दरीतल्या बाई तिला फ्रेंचमधून गाणी शिकवायच्या आणि संध्याकाळी मला तिच्या जेवणाचा वृत्तांत द्यायच्या. ती गार्दरी नसती तर आज मी लॅबमध्ये नसते, कुठल्या तरी वेअरहाउसमध्ये खोक्यांना टेप लावत असते. सरकारने तेव्हा माझ्यावर खर्च केला, आता मी दर महिन्याला टॅक्स भरते. मला तरी हा व्यवहार सरळ वाटतो.

त्यात बाबांच्या दातांचा विषय निघाला. ज्यांच्याकडे दातांचा विमा नाही अशांसाठी सरकारची योजना आली होती. आम्ही बाबांसाठी अप्लाय केलं, आणि त्यांना वरची पूर्ण कवळी मिळाली. कित्येक वर्षांनी त्यांनी भाजलेलं कणीस खाल्लं. मी म्हटलं, बाबा, आता तरी मान्य करा. त्यांनी कणीस संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "दात दिले म्हणून तोंड बंद ठेवायचं का?"

या उत्तरावर मला इतकं हसू आलं की त्या दिवसापुरतं मीच हरले.

प्रचार चालू असतानाच बाबांच्या डोळ्याच्या इंजेक्शनची तारीख आली. सूज वाढू नये म्हणून ते थेट डोळ्यातच देतात. मी त्यांना नेहमी माझ्या हॉस्पिटलमध्ये न्यायची, सुट्टी टाकून. तिथे आधी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात आणि मग बराच वेळ बसवून ठेवतात. बाबा भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. वेटिंग रूममधल्या टीव्हीवर विरोधी नेता काटकसरीवर बोलत होता. मी काही बोलणार इतक्यात बाबाच बोलायला लागले. टीव्हीबद्दल नाही, एका गाडीबद्दल.

त्यांच्या डेपोतून एका आडगावाला मुक्कामी गाडी जायची. संध्याकाळी जायची, रात्री तिथेच थांबायची, सकाळी परत. डिझेलचे पैसेही निघत नसत. वरून विचारणा आली की तोट्यातल्या फेऱ्या कळवा, आणि बाबांनी ती कळवली. गाडी बंद झाली. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा त्या गावातली मुलं सायकली काढून तालुक्याला आली. मुली आल्या नाहीत.

"माझा हिशेब बरोबर होता बेटा," ते म्हणाले. "आजही कुणी कागद समोर ठेवला तर तोच आकडा येईल." मग म्हणाले, "त्यातल्या एका मुलीचा बाप डेपोत यायचा. भांडला नाही कधी. नुसता बसून राहायचा. मी त्याला चहा पाजायचो."

मी त्यांचा हात धरला. आमच्यात असा हात धरायची पद्धत नाही, पण थेंब घातल्यानंतर त्यांना काहीच नीट दिसत नव्हतं, म्हणून ते दोघांनाही चालून गेलं. मग मीही त्यांना आमच्या लॅबमधलं सांगितलं. सरकारच्या खास निधीतून एक मोठं मशीन आलं होतं. ते चालवायला माणूस नेमायचे पैसे त्या निधीत नव्हते, म्हणून वर्षभर ते प्लास्टिकच्या कव्हरखाली उभं होतं, आणि आम्ही त्याला वळसा घालून जुन्या मशीनवर काम करत होतो. ही गोष्ट मी घरात कधीच काढली नव्हती. बाबांच्या हातात कोलीत दिल्यासारखं झालं असतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि माझा हात जरा दाबला, एवढंच.

परत येताना आम्ही भांडलो नाही. त्या वसंतात सीमेपलीकडच्या देशाने इथल्या पोलादावर आयात कर बसवला होता आणि खालच्या कारखान्यांत शिफ्ट कमी होत होत्या. आमच्या गल्लीत एका घरापुढे एका पक्षाची पाटी होती, शेजारच्या घरापुढे दुसऱ्या पक्षाची. दोन्ही घरांतले पुरुष एकाच कारखान्यात होते. मी गाडी हळू करून बाबांना पाट्या कुणाच्या ते सांगितलं. ते म्हणाले, दोघांचंही बरोबर असेल.

मतदानाच्या आदल्या दिवशी बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. मतपत्रिका मला वाचता येणार नाही, माझ्याबरोबर आत तू यायचं, म्हणाले. मला वाटलं, ते मुलाला सांगतील. तसं मी म्हटलंही.

"तो माझ्याशी कधी भांडत नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे माझं म्हणणं त्याच्या कानापर्यंत गेलेलंच नाही. तू भांडतेस. तुझ्या हातून माझी खूण झाली तर मला खात्री राहील."

मतदान आमच्या भागातल्या शाळेच्या जिममध्ये होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वर स्वेटर. टेबलामागच्या अधिकारी बाई मध्यम वयाच्या, हसतमुख होत्या. त्यांनी आधी एक भिंग काढून दिलं. बाबांनी ते मतपत्रिकेवर धरून पाहिलं आणि परत केलं. मग त्या म्हणाल्या, हवं तर मी स्वतः तुमच्यासाठी खूण करते, किंवा तुमची नातेवाईक करू शकते. बाबा आपल्या सावकाश, डेपोतल्या पत्रांसारख्या इंग्रजीत म्हणाले की माय डॉटर-इन-लॉ विल डू इट, शी डझ नॉट अग्री विथ मी. बाईंना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या आणि त्यांनी मला शपथ घ्यायला लावली. मतदार सांगेल तशीच खूण करीन, त्याचं मन वळवायचा प्रयत्न करणार नाही, आणि त्याने कुणाला मत दिलं हे कुणालाही सांगणार नाही. मी प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हटलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघं दाटीवाटीने उभे राहिलो. इथली मतपत्रिका काळी असते, त्यावर उमेदवारांची नावं पांढऱ्या अक्षरांत आणि प्रत्येकासमोर एक पांढरं वर्तुळ. नेत्यांची नावं त्यावर नसतात, फक्त आपल्या भागातल्या उमेदवारांची असतात. महिनाभर ज्यांच्यावरून आम्ही ताटं थंड केली त्यांच्यापैकी कुणीच तिथे नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत सगळी नावं आणि पक्ष हळू आवाजात वाचले. बाबा म्हणाले, परत वाच. मी परत वाचले. मग त्यांनी माझ्या कानाशी येऊन एक नाव सांगितलं.

ते कुठलं, हे मी इथेही लिहिणार नाही. नवऱ्याने त्याच दिवशी गाडीत विचारलं, त्यालाही सांगितलं नाही. पण त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगू शकते. नाव कानावर पडेपर्यंत आपल्याला मुळीच न पटणारं काही आपल्या हाताने करावं लागलं तर काय, याची धास्ती होती. आणि नाव ऐकलं तेव्हा ती धास्तीच उरली नाही. मी पेन्सिल वर्तुळात टेकवली, बाबांनी त्यांचा हात माझ्या मनगटावर ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून फुली मारली. ती फुली पटण्या न पटण्याच्या पलीकडची होती. ती त्यांची होती. एवढ्या मोठ्या देशात त्यांनी ती माझ्या हाती दिली होती.

मग मी माझं मत दिलं, एकटीने. ते लपवण्यासारखं काही नाही, मी महिनाभर जे बोलत होते त्यालाच दिलं. फक्त पेन्सिल उचलताना मला कव्हरखालचं ते मशीन आठवलं, आणि वर्षभरापूर्वी जितकी खात्री वाटली असती तितकी वाटली नाही. बाहेर आले तर बाबा जिमच्या दारात उभे होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "मदत लागली नाही ना?"

निवडणूक झाली, सरकार बसलं. बजेट मात्र हिवाळ्याच्या तोंडाशी आलं. मी दुपारची सुट्टी घेतली होती. बाबा आणि मी अर्थमंत्र्यांचं भाषण पूर्ण ऐकलं. तूट मोठी होती. आकडा आला तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारला. नंतर सरकारी नोकऱ्या कमी करण्याचं आलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, पाय मोकळे करून येऊ.

बाहेर पहिला बर्फ पडून गेला होता. लोकांनी आपापल्या घरापुढचा बर्फ शोव्हल करून बाजूला केला होता, पण फुटपाथवर काही ठिकाणी बर्फ वितळवायचं मीठ पडलं नव्हतं आणि तिथे पातळ बर्फ चमकत होता. मी बाबांचा दंड धरला. ते तुटीबद्दल बोलत होते, व्याजाबद्दल बोलत होते, आपण इतकं कर्ज केलं असतं तर झोप लागली असती का, असं विचारत होते. मी त्यांना हॉस्पिटलं आणि पाळणाघरं सांगत होते. निसरडी जागा आली की मी म्हणायची, बाबा, सांभाळून. मग ते बोलणं थांबवत, माझा हात घट्ट धरत, जपून पाऊल टाकत, आणि पलीकडे गेल्यावर सोडलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करत.