सखीरच्या वाटेवरचा ट्रेलर

अरुणा देवस्थळी मनामात एका बँकेत नोकरी करायची आणि शुक्रवारी माहूजच्या फ्लॅटमध्ये मुलांना पेटी शिकवायची. तिचा नवरा गुरुप्रसाद इंजिनिअर. थंडीत अर्धं बहरीन सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकतं. ऑफिसातल्या साहेबाचा तिथला राहायचा ट्रेलर पाहिल्यापासून गुरुप्रसादलाही तसलाच हवा होता.

हमद टाउनमधल्या विक्रेत्याकडे त्याने सगळ्यात मोठा निवडला. अरुणाने माहितीपत्रक वाचलं.

"गुरू, हे रिकाम्या ट्रेलरचं वजन आहे. पाणी भरलं, जनरेटर चढवला, की आपल्या पिकअपला झेपणार नाही. लहान घेऊ."

"अगं, गाडी किती ओढेल ते कंपन्या कमीच सांगतात. बँकेत बसून तू मला गाड्या शिकवणार?"

विक्रेता हसला.

पहिल्याच फेरीला त्याने टाकी काठोकाठ भरली, जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबलं. "पाणी तिथे भरू," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. सपाट रस्त्यावर पिकअप व्यवस्थित ओढत होती. "बघ!" तो म्हणाला. पुढे उतार लागला, वेग वाढला आणि ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागला. त्याने ब्रेक दाबला, पण मागचं धूड पिकअपला ढकलतच राहिलं. मागच्या सीटवरून त्यांची मुलगी कश्मिरा ओरडली, "बाबा, स्टॉप!" ट्रेलर कलंडला, पिकअपलाही घेऊन.

कश्मिराला खरचटलं, गुरुप्रसादला तेवढंही नाही. अरुणाचा उजवा हात मनगटापाशी चिरडला. दोन ऑपरेशनं झाली, तरी बोटं पुरती वळेनात. शुक्रवारची मुलं यायची थांबली.

गुरुप्रसाद सगळ्यांना सांगायचा, "अचानक शमालचा वारा सुटला, काय करणार!" बिचारा ओशाळलाय, असं समजून अरुणाने ते चालवून घेतलं.

पुढच्या थंडीत त्याने दुप्पट ताकदीचा ट्रक आणला. दाखवायला ऑफिसातल्या प्रवीण आणि सुनीताला जेवायला बोलावलं. पुन्हा शमालची गोष्ट निघाली.

"वारा नव्हता," अरुणा म्हणाली. "तंबूंवरचे झेंडे लोंबत होते."

कश्मिराने ताटावर मान खाली घातली. पाहुणे लवकर उठले.

"चारचौघांत माझी लाज काढायची गरज होती?"

"मग हा ट्रक कशाला आणलास? वाऱ्यासाठी?"

त्या आठवड्यात तो मित्रांना घेऊन सखीरला गेला.

अरुणा त्यानंतर त्याच्या गाडीत बसली नाही. बँकेत ती बसने जाते, आणि कोणी विचारलंच तर स्टॉप जवळ आहे म्हणून सांगते.